बर्फाची बादली बाजूला ठेवा

मासेबाजारात भल्या पहाटे बर्फाच्या लाद्या फोडतात. माझे पाय पहिल्यांदा पेटले त्या उन्हाळ्यात मी तिथून रोज पिशवीभर चुरा आणायची आणि घरी येऊन बादलीत पाय सोडून बसायची. नवऱ्याची बंदरातली नोकरी, त्यामुळे घर कोलकात्याच्या खिदिरपुरात. माहेर नागपूरचं, म्हणजे उन्हाळ्याला घाबरणारी मी नव्हेच. पण हे ऊन वेगळं होतं. संध्याकाळी घोट्यापासून खाली पाय लालभडक व्हायचे, हात लावला तर तव्यासारखे गरम, आणि आत कोणी निखारे ठेवलेत अशी आग. बर्फात पाय बुडवला की पाच मिनिटं सुख, बाहेर काढला की दुप्पट भडका. म्हणून परत बुडवायचा. दीड महिन्यात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या आणि उजव्या अंगठ्यापाशी जखम झाली, ती भरायला तीन महिने गेले. डॉक्टर म्हणाले, आजार एक होता, दुसरा तुम्ही बादलीतून आणलात.

हा लेख त्या दुसऱ्या आजारापासून तुम्हाला वाचवावं म्हणून लिहिते आहे.

आजाराचं नाव एरिथ्रोमेलाल्जिया. ग्रीक शब्दांची सांधणी आहे: लाल, अवयव आणि वेदना. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन मज्जातज्ज्ञाने १८७८ साली हे नाव रूढ केलं. आजार दुर्मीळ आहे. पायांना, क्वचित हातांना, झटके येतात. उष्णता, चालणं, उभं राहणं, मोजे-बूट यांनी भडकतो. गारवा आणि पाय वर उचलणं यांनी निवतो. काही घराण्यांत तो जन्मजात येतो. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटेची एक जनुकीय चूक, एससीएन९ए नावाच्या जनुकातली, २००४ साली चिनी संशोधकांनी शोधली. ती वाट जरा जास्तच सहज उघडते आणि साध्या कोमट स्पर्शालाही मज्जातंतू आगीची वर्दी देतो. लहानपणापासून त्रास असेल आणि आई-वडिलांपैकी कोणाला तसाच असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

पण लाल, गरम, दुखरे पाय म्हणजे हाच आजार असं नाही, आणि खाण्यापिण्याचं बोलण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं. एकच पाय लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली तर शिरेत गुठळी. अंगठ्याचा सांधा रात्रीत टरारून फुगला तर युरिक अॅसिड. मधुमेह्याचा पाय लाल, गरम, सुजलेला असून फारसा दुखत नसेल तर ते जास्त धोक्याचं आहे, कारण संवेदना गेलेल्या पायातली हाडं आतल्या आत मोडत असू शकतात. अशा पायावर भार न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी एक खूण घरच्या घरी कळते. आडवं पडून पाय उशीवर ठेवले की बरं वाटतं, तर ते आमच्या आजाराशी जुळतं. पाय वर केला की दुखणं वाढतं आणि पाऊल फिकं पडतं, खाली सोडला की लाल होऊन बरं वाटतं, तर रक्तपुरवठा कमी पडतो आहे. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी ही खूण अजिबात दुर्लक्षू नये.

पाय पेटतात ते नेमके संध्याकाळी, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत लाली गेलेली असते. मग डॉक्टरांना काय दाखवणार? झटका चालू असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही पाय एकत्र, उजेडात. आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसत नाही, जांभळट किंवा काळसर दिसते. म्हणून घरातल्या कोणाला हाताच्या पालथ्या बाजूने पाय आणि मांडी यांची ऊब ताडून बघायला सांगा. बंगाली डॉक्टरांकडे जाताना मला शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, एक वाक्य पाठ करून दिलं होतं: ‘पा ज्वाला कोरछे.’ पाय जळताहेत. ज्वाला हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याचा त्या दिवशी मला फार आधार वाटला. पहिली तपासणी साधीच असते: रक्तातल्या पेशींची मोजणी, साखर, बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंड. पेशींच्या मोजणीचा आग्रह धरा. प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढवणाऱ्या रक्ताच्या आजारांत पायांची ही आग कधीकधी सगळ्यात आधी दिसते, आणि त्या प्रकारात डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या मात्रेतल्या अॅस्पिरिनने झपाट्याने आराम पडतो.

हे वाचून स्वतःहून अॅस्पिरिन घेऊ नका. कोलकात्यात पावसाळा लागला की डेंग्यू येतो, आणि डेंग्यूच्या तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात, लाल होतात. निफेडिपिन, अॅम्लोडिपिन ही त्यांतली ओळखीची नावं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पाय दाखवून बदलून मागायची.

कोलकात्याला जळणाऱ्या तळपायांचा जुना इतिहास आहे. इथल्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या खंडात १८२६ साली ग्रियर्सन नावाच्या ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्याने तळपायांच्या आगीवर लिहिलं. पुढे १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा नीट अभ्यास मांडला आणि ब-जीवनसत्त्वांच्या कमतरतेशी त्याचा संबंध जोडला. गोपालन पुढे भारतीय पोषणशास्त्राचे अध्वर्यू झाले आणि २०१९ साली शंभरी ओलांडून गेले. तो आजार आणि माझा आजार एक नाही; त्यात आग असते, लाली आणि ऊब असेलच असं नाही. पण आपल्याकडे जळणाऱ्या तळपायांमागे अजूनही पुष्कळदा पोषणाचीच तक्रार निघते, म्हणून आहाराची सुरुवात तिथूनच करायची.

शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. पालेभाजी, कडधान्यं, मोड आलेली मटकी यांतून ते मिळत नाही; दूध, दही, पनीर, अंडी, मासे यांतून मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ घटतं, त्यांनी वर्षाकाठी तपासून घ्यावं. इथे आल्यावर मी मासे खायला लागले ते याच कारणाने. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. रक्ताचा कागद दाखवल्यावर पटलं. थायमिन या ब-जीवनसत्त्वासाठी दुसरी सोपी गोष्ट बंगालने मला शिकवली. इथे रोजच्या जेवणात ‘सिद्ध चाल’ असतो, म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ. साळ उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात मुरतं, त्यामुळे पॉलिश केल्यावरही ते बरंच टिकतं. पांढराशुभ्र तांदूळ पाच पाण्यांनी धुऊन, वर पेज ओतून देणाऱ्या घरात ते नाल्यात जातं.

मात्र ‘नसांच्या गोळ्या’ पिशवी भरून खाऊ नका. बी-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर मज्जातंतूंनाच इजा करतं आणि पायांना मुंग्या, बधिरपणा, आग सुरू होते. ज्या दुखण्यावर गोळी घेतो तेच दुखणं ती गोळी वाढवते. दुकानदाराने दिलेल्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच जीवनसत्त्व असू शकतं, म्हणून पाकिटामागचं वाचा. मॅग्नेशियमचंही असंच. त्याच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना आराम पडल्याच्या नोंदी आहेत, पण त्याने जुलाब होतात आणि मूत्रपिंडं अशक्त असतील तर ते रक्तात साठून जिवावर बेततं. नाचणी, बाजरी, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, डाळी यांतून मिळतं तेवढं बिनधास्त घ्या, गोळी डॉक्टरांना विचारून.

तेलाबद्दल मी जरा हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. याच शहरात १८७७ साली एक साथ नोंदवली गेली: दोन्ही पाय सुजायचे, लाल आणि गरम व्हायचे, दाबलं की दुखायचे, पुढे धाप लागायची आणि हृदय हरायचं. ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ हे तिचं नाव. कारण कळायला कित्येक वर्षं गेली: मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल. आपल्या माळरानावर, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं आणि काटेरी पानांचं जे झुडूप दिसतं तेच. बंगालीत त्याला शियालकाँटा म्हणतात. त्याच्या बिया मोहरीसारख्याच दिसतात. दिल्लीत १९९८ साली ही साथ पुन्हा आली आणि साठाहून अधिक माणसं गेली. आणि आमच्या शेजारच्या बेहाल्यात १९८८ साली भेसळीच्या तेलाने शेकडो लोकांच्या पायांतली शक्ती गेली. तिथे विष वेगळं होतं, वाट तीच. म्हणून घाण्याचं म्हणून विकलं जाणारं सुटं मोहरीचं तेल कितीही खमंग असो, घेऊ नका. परवाना क्रमांक छापलेलं सीलबंद घ्या. घरातल्या दोघा-तिघांचे पाय एकाच आठवड्यात सुजून लाल झाले, सोबत जुलाब किंवा धाप असेल, तर ती उन्हाची बाधा समजू नका. तेल बंद करा, बाटली फेकू नका, ती घेऊन सरकारी रुग्णालयात जा.

बाकी पथ्याचं बोलायचं तर एरिथ्रोमेलाल्जियाला बरं करणारा आहार नाही. ज्याने त्याने आपलं भडकवणारं शोधायचं. पुष्कळांना दारू भडकवते, काहींना तिखट, काहींना कडकडीत गरम चहा. मिरचीतला तिखटपणा आणि उष्णता यांची वर्दी मज्जातंतू एकाच दारातून आत घेतात, त्यामुळे तिखट ‘गरम पडतं’ ही आपली जुनी भाषा इथे अगदी खरी ठरते. पण दही उष्ण की थंड, वांगं चालतं की नाही, आंबा खावा का, असल्या याद्यांनी ताट रिकामं करू नका. मी एका वर्षी बावीस पदार्थ सोडले होते. वजन सात किलो उतरलं, पाय तसेच.

त्याऐवजी दोन आठवडे वही ठेवा. झटका कधी आला, किती वेळ टिकला, त्याआधी दोन तासांत काय खाल्लं, किती वेळ उभे होतो, पायांत काय होतं, खोली किती गरम होती. माझ्या वहीत आंब्याचा काही दोष निघाला नाही. दोष निघाला दुपारच्या भरपेट जेवणाचा. मोठं जेवण पचवताना शरीर उष्णता तयार करतं, आणि रविवारची बटाटा घातलेली बिर्याणी पोटभर खाऊन मी संध्याकाळी पाय घेऊन रडत बसायची. आता तीच बिर्याणी निम्मी, निवल्यावर, रायत्यासोबत. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, चहा कोमट. उन्हाळ्यात ताक, आंबील, सोलकढी, आणि इथला पांता भात म्हणजे रात्री पाण्यात भिजवून सकाळी खायचा भात, कच्च्या कांद्यासोबत. नारळपाणी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र विचारून प्यावं.

आजीच्या उपायांतलं काशाच्या वाटीचं नाव निघतंच. तळपायाला तूप लावून वाटीने घासलं की काळं निघतं आणि सगळे म्हणतात, बघ किती उष्णता निघाली. ते काळं म्हणजे तूप आणि काशातलं तांबं यांचा संयोग आहे. ज्याला काही दुखणं नाही त्याच्या तळपायालाही निघतं. झटक्याच्या वेळी घासणं म्हणजे आगीला वारा. एरवी कोणी अलगद हाताने, न घासता तूप लावून दिलं तर कोरड्या कातडीला बरंच. मेंदी ताज्या पानांची असेल तर हरकत नाही. लगेच काळा रंग देणारी कोनातली मेंदी रसायनाने कातडी भाजू शकते. सब्जा, वाळ्याचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. गुलकंदात साखर किती असते ते मधुमेह्यांनी ध्यानात ठेवावं. आणि झणझणणारे बाम पायांच्या जवळही नकोत.

आता गारवा. या आजारात बहुतेकांचे पाय त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३६ अंशांच्या दरम्यान गेलं की पेटतात. एप्रिल-मे महिन्यात खिदिरपुरातली हवाच तेवढी असते, हे कळल्यावर मी स्वतःला दोष देणं थांबवलं. नागपूरला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोली निवते, कारण तिथली हवा कोरडी. तोच कूलर मी इथे हौसेने आणला आणि खोलीचं न्हाणीघर झालं. गंगेकाठच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. इथे उपयोगी पडतो तो पंखा, पायांच्या दिशेने, जमिनीपासून हातभर उंचीवर. दुपारी दोननंतर पडदे ओढून घ्यायचे. जमत असेल त्यांनी एसी सत्तावीसवर ठेवून पंखा चालू ठेवावा. वीस अंशांत बसलं की बाहेर पडताक्षणी पाय पेटतात. आमच्या जुन्या घराला लाल सिमेंटची गुळगुळीत फरशी आहे, जुन्या कोलकात्याची ओळख असलेली. भिंतीशी आडवं पडून पोटऱ्या स्टुलावर ठेवायच्या, किंवा नुसतं त्या फरशीवर तळवे टेकवून बसायचं. यात कातडी भिजत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पाण्याचा मोह आवरत नसेल तर नळाच्या साध्या पाण्यात पिळलेला पंचा दहा मिनिटं पायांवर ठेवा, मग बोटांच्या बेचक्या टिपून पूर्ण कोरड्या करा आणि पंख्याखाली पाय उंच करून पडा. बादली नको, बर्फ नको, फ्रीजमधली जेलची पिशवी थेट कातडीवर नको. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर गार-गरम कसलाच प्रयोग करू नये. भाजलेलं किंवा गोठलेलं त्यांना कळत नाही.

रात्री चादर पायांवर नको वाटते, आणि पाय उघडे टाकले की डास. मच्छरदाणी लावा, पंखा तिच्या बाहेर पायथ्याशी ठेवा, पायांखाली लोड घ्या. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी वेदना जास्त बोचते, त्यामुळे रात्र सांभाळणं हा औषधाचाच भाग समजा.

चालणं सोडू नका. मी पहाटे साडेपाचला मैदानाकडे निघते आणि उन्हं वर यायच्या आत परतते. पाय कुरकुरले की बाकावर पाच मिनिटं. पायांत सैल, उघड्या, मऊ तळाच्या चपला. बूट लागणारच असतील तर पातळ सुती मोजे, आणि दुपारी एकदा काढून पाय मोकळे करायचे. पावसाळ्यात आमच्याकडे गुडघाभर पाणी साचतं. त्यातून आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करणं चुकवू नका, कारण या आजारातली कातडी आधीच नाजूक, त्यात चिखल्या झाल्या की खाजेने आणि जखमेने झटके वाढतात.

ज्यांचं कामच आचेपाशी उभं राहण्याचं आहे त्यांचं मला फार वाटतं. विटा, खानापूर, आटपाडीकडून सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली आपली गलाईची माणसं, भटारखान्यातले आचारी, गोदीतल्या लोखंडी डेकवर उन्हात राबणारे. त्यांना ‘उष्णता टाळा’ सांगून काय उपयोग? पण भट्टीपाशी उंच स्टूल घेता येतं, पावलांपुढे आडोशाला एक पत्रा लावता येतो, दर तासाला पाच मिनिटं पाय उंच करून बसता येतं, आणि मालकाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवता येते. चिठ्ठी मागायला लाजू नका.

तळपायाची आग मस्तकात जाते हे आपण रागाबद्दल म्हणतो. ज्याला ती खरोखर जाते त्याच्या घरच्यांना एक विनंती: पाय दिवसा चांगले दिसतात म्हणून संध्याकाळचं दुखणं खोटं ठरवू नका. माझ्या मुलाने एकदा, तो अकरा वर्षांचा असताना, माझ्या पायाला गाल लावून पाहिला आणि दचकून मागे सरला. त्या दिवसापासून तो शाळेतून आला की न सांगता पंखा माझ्या पायांकडे वळवतो.

वेदनेवर डॉक्टरांकडे औषधं आहेत: लावायचं लिडोकेन, गॅबापेंटिनसारख्या मज्जातंतू शांत करणाऱ्या गोळ्या, काही जन्मजात प्रकारांत मेक्सिलेटिन. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडेलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन बदल होतील हे धरून चला आणि वही प्रत्येक वेळी सोबत न्या. खिदिरपूरच्या माणसाला एसएसकेएम, म्हणजे लोक ज्याला पीजी म्हणतात ते सरकारी रुग्णालय जवळ आहे. त्वचारोग आणि मज्जारोग दोन्ही विभाग तिथे आहेत. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून सकाळी लवकर जा, घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. पायावर जखम, काळं पडलेलं बोट, पावलांकडून वर चढत जाणारी अशक्तता किंवा धाप यांतलं काही असेल तर मात्र रांग नाही, थेट तातडीचा विभाग.